पहिला जबाब घरातच



आम्ही म्हणजे नागपूरच्या एका वस्तीतल्या विहाराच्या महिला मंडळाच्या आठ जणी. आमच्यातली कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी बांधकामावर रेजा आहे, कोणी अंगणवाडीत मदतनीस होती, एकीने तीस वर्षे बिड्या वळल्या. लिहिणारी एक आहे, पण बोलणे आठही जणींचे आहे, म्हणून 'मी' न लिहिता 'आम्ही' लिहितो. दुसरेही एक कारण आहे. जी चूक इथे सांगायची आहे ती कोणा एकीची नव्हती. ती आम्हा सगळ्यांची होती.

१९९९ सालची गोष्ट. वस्तीत सोळा वर्षांची एक मुलगी होती. दहावीला बसायची होती. जयंतीची वर्गणी गोळा होत होती. वडिलांनी तिच्या हाती पावतीपुस्तक दिले आणि हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थाच्या घरी पाठवले. तो वडिलांचा मित्र. मुलगी त्याला लहानपणापासून काका म्हणायची. घरात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. त्याने तिच्यावर अत्याचार केला. यापेक्षा जास्त आम्ही लिहिणार नाही. ओळख पटेल असे तपशीलही मुद्दाम बदलले आहेत. तिला विचारून, तिने हो म्हटल्यावरच हे लिहायला घेतले.

मुलीने घरी येऊन आईला सांगितले. आई रात्रभर रडली आणि सकाळी आमच्याकडे आली. आम्ही मुलीला बोलावून घेतले. दार लावून बसवले. आणि आम्ही, तिला लहानाची मोठी होताना पाहिलेल्या बायांनी, तिला काय विचारले?

"एवढ्या संध्याकाळची गेलीच काऊन?"

"अंगावर कपडे कोणते होते?"

"ओरडली काऊन नाही?"

"आनखी कोनाजवळ बोलली तर नाही ना वं?"

चार प्रश्न. पाणी पाहिजे का, कुठे दुखते का, दवाखान्यात जायचे का, हे कोणीच विचारले नाही. दोन दिवसांनी ज्येष्ठ मंडळींची बैठक झाली. त्या माणसाने मुलीच्या वडिलांची माफी मागितली. नीट वाचा, वडिलांची! मुलीची नव्हे. मुलगी त्या बैठकीत नव्हतीच. समाजाची बदनामी नको, पोरीचे लग्न व्हायचे आहे, आपल्या घरातले भांडण आपण मिटवू, असे ठरले. परीक्षा झाली आणि चार महिन्यांत मुलगी दूरच्या जिल्ह्यात देऊन टाकली. आम्ही लग्नाला गेलो, जेवलो आणि 'सुटली बिचारी' म्हणून घरी आलो.

त्यानंतर ती एकाही जयंतीला माहेरी आली नाही. का आली नाही, हे आम्ही एकमेकींना कधी विचारले नाही. सगळ्यांना माहीत होते.

तो माणूस पुढे अनेक वर्षे हिशेबाची वही सांभाळत राहिला. काही वर्षांपूर्वी वारला. विहारात शोकसभा झाली. कार्यकर्ता कसा निष्ठावंत होता यावर चार जण बोलले. आम्ही खाली सतरंजीवर मान घालून बसलो होतो.

२०२४ साली तिची आई वारली, तेव्हा ती आली. आता तीही चाळिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आमच्यापाशी बसली. भांडायला आली नव्हती. हळू आवाजात एवढेच म्हणाली, "तुम्ही मले विचारलं होतं, ओरडली काऊन नाही म्हणून. तिथं नाही ओरडली, खरं हाय. तोंडातून आवाजच निघाला नाही. पन घरी येऊन आईले सांगितलं, मंग तुमच्यापुढं सांगितलं. तेच माह्यं ओरडनं होतं. ते तुम्ही दाबलं."

आमच्यापैकी कोणालाही तिच्याकडे पाहता आले नाही.

भगिनींनो, त्या दिवसापासून आम्ही या विषयावर वाचायला, विचारायला लागलो. आमच्यातली एक लेक वकिलीचे शिकते. तिने आम्हाला समजेल अशा भाषेत जुने खटले वाचून दाखवले. त्यातला पहिला खटला ऐकून आम्ही गार झालो, कारण आम्ही मुलीला विचारलेला प्रश्न त्यात जसाच्या तसा होता. फरक इतकाच की तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारला होता.

हा खटला आपल्या विदर्भातलाच. देसाईगंज, ज्याला आपण वडसा म्हणतो, ते तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी बोलावले होते. आईबाप नव्हते. भावाबरोबर मजुरी करून पोट भरणारी पोर. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढले आणि हिला ठाण्यातच थांबवून घेतले. भाऊ बाहेर उभा राहिला. ज्या ठाण्यात न्याय मागायचा, त्याच ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडून दिले. मुलीला खोटारडी ठरवले, तिच्या चारित्र्यावर शेरे मारले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायाधीशांनी धरले. एका पोलिसाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडले. कारण काय? तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचे न्यायालयाला पटले नाही.

ओरडली का नाही! न्यायाधीशांचा आणि आमचा प्रश्न एकच निघाला. त्यांच्यापाशी कायद्याची पुस्तके होती, आमच्यापाशी नव्हती. म्हणून आमची चूक लहान ठरते का? आम्हाला तसे वाटत नाही. न्यायालय त्या मुलीपासून शेकडो कोस दूर होते. आमच्या मुलीचा हात आमच्या हातात होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. गरीब, अडाणी, आदिवासी पोर पोलीस ठाण्यात पोलिसांशी झुंज देईल अशी अपेक्षा न्यायालय कशी करू शकते, असा त्या पत्राचा रोख होता. १९८० च्या ८ मार्चला मुंबई, दिल्ली आणि इतर शहरांत बाया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ चा कायदा झाला. पोलीस, तुरुंग, सरकारी दवाखाना अशा ठिकाणी ताब्यातल्या बाईवर अत्याचार झाला आणि तिने न्यायालयात 'माझी संमती नव्हती' असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, अशी तरतूद आली. हा कायदा २५ डिसेंबर १९८३ पासून लागू झाला. २५ डिसेंबर ही तारीख आपल्या घरातल्या लहान पोरांनाही महाडमुळे पाठ असते. तारीख जुळली हा योगायोग असेल, पण आम्हाला तो फार मोलाचा वाटला.

पुढे २०१३ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली. बाईने झटापट केली नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ते वाक्य कायम आहे. वडशाच्या त्या मुलीसाठी जे शब्द हवे होते, ते कायद्यात यायला एक्केचाळीस वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. कायद्याच्या पुस्तकात तो खटला आरोपी पोलिसाच्या नावाने आहे. पण लोकांच्या तोंडी, व्याख्यानांत, मासिकांत तो आजतागायत मुलीच्या नावाने ओळखला जातो. अपराध कोणाचा आणि नाव कोणाचे! १९८३ च्याच कायद्याने पीडित बाईचे नाव छापण्याला बंदी केली. म्हणून आम्हीही ते इथे लिहीत नाही.

आता थोडे आकडे सांगतो. कंटाळू नका. आकडे आपल्याच घरातले आहेत.

सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे दिवसाला शहाऐंशी. त्यात अनुसूचित जातींच्या स्त्रियांवरचे गुन्हे चार हजारांहून जास्त, म्हणजे दिवसाला अकरा. हे फक्त नोंदलेले. आणि या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरातले पंच्याण्णवाहून अधिक आरोपी बाईच्या ओळखीचे होते. शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा, कामावरचा माणूस, लग्नाचे वचन देणारा. आपण मुलींना अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भीती घालतो. धोका मात्र बहुतेक वेळा आपल्याच बाजेवर बसून चहा पीत असतो.

न नोंदलेले किती? त्यासाठी दुसरा दाखला आहे. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. घरोघरी जाऊन बायांना एकांतात प्रश्न विचारले गेले. १८ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांतल्या सहा जणींनी सांगितले, की आयुष्यात कधी ना कधी आपल्यावर लैंगिक जबरदस्ती झाली. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांपैकी शंभरात फक्त चौदा जणींनी कोणाकडे मदत मागितली होती. शंभरात सत्त्याहत्तर जणींनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही.

आमच्या विहारात पौर्णिमेला शंभरेक बाया वंदनेला बसतात. आम्ही एकदा नुसता हिशेब मांडला. शंभरात सहा. म्हणजे आमच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बायांमध्ये त्या आहेत. कोण आहेत, ते आम्हाला माहीत नाही. कारण त्यांनी आम्हाला सांगितलेले नाही. आणि सांगितले नाही, कारण सांगितल्यावर काय होते ते त्यांनी १९९९ साली पाहिले आहे.

लोक म्हणतात, गुन्हे वाढले, काळ वाईट आला. काही ठिकाणी वाढलेही असतील. पण ठाण्याच्या वहीतला आकडा वाढला की गुन्हेच वाढले, असा त्याचा एकच अर्थ नसतो. बाया बोलायला लागल्या, असाही तो असू शकतो. ज्या वस्तीतून वर्षानुवर्षे एकही फिर्याद जात नाही, ती वस्ती फार सुखी आहे असे समजू नका. आमच्या वस्तीतून १९९९ साली एकही फिर्याद गेली नव्हती.

मग दोष नुसता पोलिसांचा आहे का? पोलिसांचा दोष आहे, आणि तो मोठा आहे. आपली माणसे ठाण्यात गेली की आधी आडनाव विचारले जाते, मग बसायला सांगितले जाते, मग 'साहेब नाहीत' म्हणून परत पाठवले जाते. हा अनुभव आपल्याला पिढ्यान् पिढ्या आहे. म्हणून ठाण्याची पायरी चढायला आपण घाबरतो, त्यात नवल नाही. शिवाय एक दिवस गेला की एक दिवसाची मजुरी जाते.

तथापि आज आम्हाला बोलायचे आहे ते ठाण्याच्या अलीकडच्या पायरीबद्दल. बाईचा पहिला जबाब ठाण्यात होत नाही. तो घरात होतो. आई घेते, सासू घेते, मंडळाच्या बाया घेतात. तिथेच ती खोटी ठरली, तर पुढच्या वहीत तिचे नाव कधीच येत नाही.

आणखी एक कडू गोष्ट सांगायची आहे. हे लिहू की नको, यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत जे घडले, ते कोणताही बौद्ध माणूस विसरू शकत नाही. एका कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारले. त्यात माय-लेकी होत्या. पहिल्या शवविच्छेदनात त्या दोघींची नीट तपासणी झाली नाही, हा आक्षेप तेव्हापासून आहे. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी ठरवले. परंतु बलात्काराचे कलम त्या खटल्यात उभे राहिले नाही, आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हाही न्यायालयाने सिद्ध धरला नाही. पहिल्या दिवसाची तपासणी, पहिल्या दिवसाची नोंद किती मोलाची असते, हे आपण तिथे रक्ताच्या किमतीने शिकलो.

त्या वेळी आम्ही आठही जणी मोर्च्यात होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच वर्षी, त्याच वस्तीत, तो माणूस जयंतीच्या हिशेबाची वही घेऊन बसत होता आणि आम्ही त्याच्याकडून पावती घेत होतो.

बाहेरच्याने केले तर मोर्चा, आपल्यातल्याने केले तर बैठक. हे आपले चुकते आहे, बंधूंनो. बाईच्या अंगाला दोन्हीकडची जखम सारखीच होते. आपल्यातल्या माणसावर बोट दाखवले तर समाजाची बदनामी होते, असे आपल्याला वाटते. आम्हालाही वाटत होते. आता आमचे मत बदलले आहे. बदनामी त्या माणसाच्या कृत्याने झाली होती, आणि ते झाकून आम्ही तिच्यात भर घातली. आपण पंचशील म्हणतो. तिसऱ्या शीलात काय सांगितले आहे ते आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. ते शील बाहेरच्या लोकांसाठी नाही, म्हणणाऱ्यासाठी आहे.

आता कायद्याच्या चार गोष्टी. वकिलीचे शिकणाऱ्या लेकीकडून त्या नीट समजून घेतल्या आहेत. कात्रण करून ठेवले तरी चालेल.

मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. त्यात घटना ज्याला कळली त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे. म्हणजे १९९९ सारखी बैठक आज भरवली आणि प्रकरण दाबले, तर बैठकीला बसलेले जाणते लोकही गुन्हेगार ठरू शकतात. सज्ञान बाईच्या बाबतीतही बलात्काराच्या खटल्यात तडजोड मान्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट सांगितले आहे. माफी मागून, पैसे देऊन, लग्न लावून हा गुन्हा मिटत नाही.

फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंद करून त्यांनी ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. अशा गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. तिची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. पुढचा सविस्तर जबाब बाईच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घेता येतो. त्या वेळी आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातला समाजसेवक हजर राहू शकतो. म्हणजे महिला मंडळाची बाईही बसू शकते. फिर्याद घ्यायला नकार देणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो. ही तरतूद २०१३ पासून आहे. तरीही नाही घेतली, तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी अर्ज पाठवा आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

दवाखाना सरकारी असो की खाजगी, अशा बाईवर ताबडतोब आणि फुकट उपचार करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असे म्हणता येत नाही. शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात गुंडाळून ठेवावेत, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पण आंघोळ झाली, कपडे धुतले, चार दिवस गेले, तरी फिर्याद देता येते. उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही. बाईच्या अंगाची ती जुनी अपमानकारक 'दोन बोटांची तपासणी' सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली आहे. २०२२ मध्ये तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे सांगितले आहे.

अत्याचार करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल आणि बाई अनुसूचित जातीची असेल, तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लावायला सांगा. फिर्यादीत जातीचा उल्लेख पहिल्याच दिवशी आला पाहिजे. पुढे आठवला तर वकील त्याचे भांडवल करतात. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही त्या कायद्यात शिक्षा आहे. वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, फुकट वकील मिळतो. आपल्या राज्यात २०१३ पासून 'मनोधैर्य' ही योजना आहे, तिच्यातून आर्थिक मदत मिळते. घरकाम करणाऱ्या भगिनींना कामाच्या घरी त्रास झाला, तर जिल्ह्याच्या स्थानिक तक्रार समितीकडे जाता येते. तातडीला ११२, बायांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे फोन आहेत.

नवऱ्याबद्दल काय, असे आमच्यातल्या एकीने खालच्या आवाजात विचारले. प्रश्न मोठा आहे. बायको अठरा वर्षांवरील असेल तर नव्या संहितेतही नवऱ्यावर बलात्काराचे कलम लागत नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरला आहे. त्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो, घरात राहण्याचा हक्क मिळतो. म्हणून तिथेही गप्प बसण्याची सक्ती नाही.

हे सगळे शिकून झाल्यावर आम्ही मंडळात एक ठराव केला. कोणतीही बाई-मुलगी असे सांगत आली, की ते चार प्रश्न विचारायचे नाहीत. आधी जवळ बसवायचे. पाणी द्यायचे. तुझ्यावर आमचा विश्वास आहे, म्हणायचे. मग तिला विचारायचे, तुला काय करावेसे वाटते. सज्ञान बाई असेल तर निर्णय तिचा. ती म्हणेल तिथे दोघी जणी सोबत जातील. मंडळाच्या डब्यात ऑटोरिक्षापुरते पैसे कायम ठेवायचे. एक धुतलेली साडी आणि एक सलवार-कुडता पिशवीत तयार ठेवायचा. आणि बोट ज्याच्याकडे दाखवले असेल तो मंडळाचा, समितीचा, कोणाच्या घरचा का असेना, त्याच्या बाजूने निरोप घेऊन कोणी त्या बाईच्या दारात जायचे नाही.

ठराव लिहिणे सोपे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची परीक्षा झाली. बांधकामावर काम करणारी एक तरुण बाई रात्री नऊच्या सुमारास आमच्यातल्या एकीच्या दारात आली. काय झाले ते तिने अर्धे सांगितले, अर्धे रडली. आमच्या एका म्हातारीच्या तोंडी जुन्या सवयीने आलेच, "तू तिथं काऊन..." आणि ती तिथेच थांबली. वाक्य गिळले. उठून पाणी आणायला गेली.

तिने फिर्याद द्यायचे म्हटले. आम्ही चौघी सोबत गेलो. ठाण्यात सांगितले, "महिला अधिकारी नाहीत, उद्या या." आम्ही म्हटले, "साहेब, बोलवून घ्या. आम्ही बसतो." बाकड्यावर बसून राहिलो. अकरा वाजले, बारा वाजले. लेकीने कागदावर कलम लिहून दिले होते, तो कागद अंमलदारापुढे ठेवला. साडेबाराला महिला अधिकारी आल्या. त्यांनी मात्र शांतपणे सगळे लिहून घेतले, वाचून दाखवले. दवाखान्यातून घरी यायला पहाट झाली. सकाळी चौघींचीही कामाला दांडी पडली. दोघींच्या घरच्या बाईसाहेबांनी पैसे कापले.

खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. तारखेला कोणी ना कोणी सोबत जाते.

माहेरी येऊन आम्हाला आरसा दाखवणाऱ्या त्या लेकीला आम्ही फोन करून हे सांगितले. आठही जणींनी फोनवर तिची माफी मागितली. पंचवीस वर्षे उशिरा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जयंतीले येईन म्हनते औंदा." आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ती आली. लेकरांना घेऊन आली. मिरवणुकीत आमच्याबरोबर चालली.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही वस्तीत अशी एखादी लेक असेल, जी जयंतीला येत नाही. ती का येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिला एक फोन करा. आणि उद्या कोणी नव्याने सांगत आली, तर आधी पाणी द्या. प्रश्न विचारायला पोलीस आहेत, वकील आहेत, न्यायालय आहे. आपण तरी तिच्या बाजूला उभे राहू या.

जयभीम.